मनोरे उभे राहिले. आवाज पोहोचतो का?

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय अंगाला भामरागड आणि एटापल्ली हे दोन तालुके आहेत. येथील एखाद्या टोल्यावर नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकाला वा आरोग्यसेविकेला गावकरी ज्या गोष्टी पहिल्या दिवशी समजावून सांगतात, त्यांत ‘रेंज कोठे मिळते’ ही एक असते. अमुक टेकडीवरचा खडक, तमुक वळणावरच्या मोहाच्या झाडाची उत्तरेकडची बाजू, शाळेच्या छपराचा एक कोपरा. तेथे उभे राहायचे, फोन डोक्याच्या वर धरायचा आणि वाट पाहायची. मुंबई-पुण्यातील घरात बसून दूरदेशी असलेल्या नातवाचे मुखदर्शन घेणाऱ्या आजी-आजोबांना हे चित्र विनोदी वाटेल. पण प्रसूतीसाठी अडलेल्या सुनेकरिता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणाऱ्या सासूला या खडकावर रात्री दोन वाजता चढावे लागते, तेव्हा त्यात विनोद उरत नाही.

या खडकांची गरज संपावी म्हणून गेल्या काही वर्षांत शासनाने मोठा खर्च केला आहे, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नक्षलग्रस्त राज्यांत सुरक्षा दलांच्या ठाण्यांलगत भारत संचार निगमचे मनोरे उभारण्याचा कार्यक्रम २०१४ च्या सुमारास सुरू झाला. ते मनोरे ‘टू-जी’ म्हणजे दुसऱ्या पिढीचे होते. त्यांवरून बोलता येई, चार ओळींचा संदेश धाडता येई. त्यापलीकडे फारसे काही नाही. २७ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा राज्यांतील असे २,३४३ मनोरे ‘फोर-जी’मध्ये रूपांतरित करण्यास मान्यता दिली, देखभालीसह खर्च सुमारे २,४२६ कोटी रुपये. महाराष्ट्र या दहांमध्ये आहे आणि महाराष्ट्रातील नक्षलग्रस्त प्रदेश म्हणजे प्रामुख्याने गडचिरोली. त्याच वर्षी २७ जुलै रोजी ज्या गावांत फोर-जी मुळीच नाही अशा देशभरातील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची दुसरी योजना मंजूर झाली. आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी स्वदेशी तंत्रावर चालणाऱ्या ९७,५०० हून अधिक मनोऱ्यांचे लोकार्पण केले. खर्चाचा आकडा सुमारे ३७ हजार कोटींचा होता.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. प्रश्न एवढाच, की लोकार्पण झालेला मनोरा आणि चालू असलेला मनोरा या दोन गोष्टी एकच आहेत काय? दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या पटलावर हिरवा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याखालच्या गावात प्रत्यक्ष काय चालले आहे, हे तपासण्याचे काम कोणाचे?

टू-जी आणि फोर-जी यांतील फरक शहरी मध्यमवर्गाला केवळ वेगाचा वाटतो. चित्रपट अडखळत दिसतो की सलग, एवढाच. वनवासी भागात तो फरक निराळा आहे. शिधापत्रिकेवरचे धान्य यंत्रावर अंगठा उमटवून मिळते. तो अंगठा दूरच्या संगणकाकडून खरा ठरवून घ्यावा लागतो. निराधारांचे अनुदान, तेंदूपत्त्याचा बोनस, मातृवंदना योजनेचे हप्ते बँकेत जमा होतात आणि ते काढून देणाऱ्या बँकमित्राचे यंत्रही याच जोडणीवर चालते. आश्रमशाळेतील मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आशाताईंची नोंद, वनहक्काच्या दाव्याची कागदपत्रे हे सारे आता ‘ऑनलाइन’ झाले आहे. शासनाने सेवा संगणकावर नेली, पण संगणकाकडे जाणारी वाट गावापर्यंत नेली नाही, तर पूर्वी तहसील कचेरीत होणारी पायपीट आता टेकडीच्या दिशेने होते, इतकेच. माडिया गोंड ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित जनजातींपैकी एक. तिच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात घर, रस्ता, पाणी यांच्या पंक्तीला मोबाइल मनोराही बसवला गेला, तो उगाच नव्हे.

शिवाय संकटाचा प्रसंग आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ही बातमी जगाला कोणी दिली? सकाळच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाने. रोजच्या जागी गाव दिसेना, तेव्हा त्याने गाडी वळवून खबर पोहोचवली. सात वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे डोंगर कोसळला. पुराने रस्ते तुटलेले, फोन मुके झालेले. मदत पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. मनोरा दरड थांबवीत नाही, हे खरे. परंतु हाक वेळेवर ऐकू गेली असती तर, हा प्रश्न त्या दोन्ही गावांच्या नातेवाइकांना आयुष्यभर छळणार. भामरागडला तर हे संकट दर पावसाळ्याचे आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरचे हे गाव; पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर. अशा वेळी फोन हा एकच रस्ता उघडा राहू शकतो. आणि नेमका तोच बंद पडतो.

का बंद पडतो, हे समजून घेतल्यावाचून त्यावर लक्ष ठेवता येणार नाही. मनोरा हा केवळ लोखंडी सांगाडा असतो. त्याला तीन गोष्टी लागतात. एक, वर बसवलेले लहरींचे यंत्र. दुसरी, अखंड वीज. आणि तिसरी, मनोऱ्यापासून पुढच्या केंद्रापर्यंतचा दुवा. यंत्र नवे आले म्हणजे जाळे सुधारले, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक बहुतेक वेळा दगा देतात त्या इतर दोन गोष्टी. वादळात तार तुटली की मनोरा बॅटरीवर जातो. बॅटरी जुनी असेल तर काही तासांत मान टाकते. डिझेल जनित्र असले तरी पूर असताना डिझेल नेणार कोण? म्हणून दुर्गम भागातील नव्या मनोऱ्यांना सौरपट्ट्या दिल्या आहेत. ही दूरदृष्टी स्तुत्य आहे. मात्र आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, हे त्या पट्ट्यांनाही लागू पडते.

दुव्याचे दुखणे अधिक जुनाट आहे. मनोऱ्याला मागून जोडणारी प्रकाशतंतूची केबल रस्त्याच्या कडेने जाते आणि तोच रस्ता रुंद करायला जेसीबी येतो. विकासाचे एक खाते दुसऱ्या खात्याची केबल तोडते, हा अनुभव महाराष्ट्रात कोणत्या तालुक्याला नाही? जुन्या रचनेत ही केबल एका सरळ रेषेत एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. मध्ये एके ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेत रेषेऐवजी कडे करण्याचे ठरले आहे; कड्याची एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश फिरून येतो. कल्पना साधी आहे आणि उत्तम आहे. आपल्या तालुक्यात ते कडे पूर्ण झाले की अजून रेषाच आहे, ही चौकशी किती ग्रामपंचायतींनी केली असेल?

येथपर्यंत येण्यास इतका उशीर का झाला, याचाही हिशेब मांडला पाहिजे. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्यातून भारत संचार निगमचा जन्म झाला. १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौ येथे अटलजींच्या हस्ते निगमच्या मोबाइल सेवेचा प्रारंभ झाला. त्या काळी निगमचे कार्ड मिळवण्यासाठी टेलिफोन कचेऱ्यांपुढे लागलेल्या रांगा आज पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असतील. (त्याच मंडळींनी त्याआधी घरच्या काळ्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढली होती, रांगेची त्यांना सवय होती.) सरकारी कंपनी बाजारात उतरल्याने खासगी कंपन्यांचे दर खाली आले आणि मे २००३ पासून येणारा कॉल निःशुल्क झाला. सामान्य माणसाच्या खिशात मोबाइल आला, त्यात निगमचा वाटा मोठा होता.

पुढे मात्र ग्रहण लागले. यंत्रे खरेदी करण्याच्या निविदा वारंवार वादात सापडल्या. ९ कोटी ३० लाख जोडण्यांची अवाढव्य निविदा २०१० मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी खासगी कंपन्यांच्या लिलावात निघालेल्या भावाने निगमलाही लहरींचे मोल मोजावे लागले आणि तिजोरीतून सुमारे १८ हजार कोटी रुपये गेले. २००९-१० साली निगमने पहिला तोटा पाहिला. हा संयुक्त पुरोगामी आघाडीच्या राजवटीचा कालखंड होता आणि त्या राजवटीवर यासाठी पुष्कळ टीका झालीही. परंतु सत्य अर्धे सांगून चालत नाही. २०१४ मध्ये केंद्रात परिवर्तन झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये एका खासगी कंपनीने केवळ फोर-जीच्या बळावर बाजार ढवळून काढला, तेव्हा निगमजवळ देशव्यापी फोर-जीसाठी लहरीही नव्हत्या. त्या देण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत झाला. मधली वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? ज्यांनी मोठ्या विश्वासाने मते दिली, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतरांहून कणभर अधिकच आहे.

त्याच योजनेत स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी निगमचे ७८,५०० हून अधिक कर्मचारी घरी गेले. हिशेबाच्या दृष्टीने ते आवश्यक असेल. पगाराचा बोजा न पेलणारा होता, हे नाकारता येत नाही. पण त्यांत तालुक्याच्या केंद्रातला तो लाइनमनही होता, ज्याला कोणती केबल कोणत्या पुलाखालून जाते, हे कागदावाचून ठाऊक होते. ते ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त झाले. आज यंत्र बसवायला कंत्राटदार येतो, बसवून जातो. बिघडल्यावर कोण येते, याचे उत्तर अनेक ठिकाणी मिळत नाही.

आणि तरीही या उशिराच्या पोटातून एक चांगली गोष्ट जन्माला आली. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपल्या जवानांचे रक्त सांडले. त्यानंतर चिनी यंत्रसामग्री नको, या निश्चयाने निगमची त्या वेळची फोर-जीची निविदा रद्द करण्यात आली आणि देशी यंत्रांचा आग्रह धरला गेला. त्या क्षणी अनेक जाणकारांनी हा आत्मघात ठरवला होता. मोबाइल जाळ्याचे संपूर्ण तंत्र निर्माण करणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: स्वीडन, फिनलंड, दक्षिण कोरिया, चीन. भारताने त्या पंक्तीत बसायचे ठरवले. जाळ्याचा मेंदू, म्हणजे कोणता फोन कोठे आहे आणि त्याचा कॉल कोठे जोडायचा हे ठरवणारी प्रणाली, शासकीय संस्था ‘सी-डॉट’ने घडवली. मनोऱ्यावरची लहरींची यंत्रे तेजस नेटवर्क्सने बनवली आणि सर्वांची गुंफण टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली. मे २०२३ मध्ये त्यांना एक लाख ठिकाणांसाठी १५ हजार कोटींहून अधिक रकमेची मागणी नोंदवण्यात आली.

सी-डॉटचे नाव जुन्या वाचकांना नवे नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण टेलिफोन केंद्र बनवले. विदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागे. या यंत्राला ती लागत नसे. भारतीय उन्हात, भारतीय धुळीत ते चाले. पहिले केंद्र जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे, राणी चन्नम्माच्या गावी बसले, हा योगायोगही सुखद आहे. पिवळ्या फलकांचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. गावोगावी उगवले, त्यामागे या देशी केंद्रांचे बळ होते. पुढे मोबाइलचे युग आले, आयात सोपी झाली आणि तो धागा आपण हातचा सोडला. चार दशकांनी तो पुन्हा हाती आला आहे. गडचिरोलीसारख्या भागांतील जुने टू-जी मनोरेही देशी कंपन्यांनी बनवलेले, कमी विजेवर आणि सूर्यप्रकाशावर चालणारे होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

मात्र स्वदेशी आहे म्हणून ते उणे असले तरी चालेल, ही भूमिका स्वदेशीचीच हानी करते. नवे तंत्र एका दिवसात पिकत नाही. एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जाताना कॉल न तुटता सोपवला जावा, यासाठी प्रत्येक मनोऱ्याला शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी लागते. हे बारीक जुळवणीचे काम महिनोन्‌महिने चालते. त्या काळात आवाज तुटतो, फोन लागत नाही, रेंजच्या काड्या भरलेल्या दिसत असून संदेश जात नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा लक्षावधी ग्राहक निगमकडे वळले. काही महिन्यांत ओघ आटला आणि पुष्कळजण परत फिरले. २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत निगमला २६२ कोटींचा नफा झाला, तोही सतरा वर्षांनी प्रथमच. ही बातमी आनंदाची खरी; परंतु परत गेलेल्या ग्राहकाने कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी, काय अडले म्हणून निगम सोडली, याची नोंद कोणाकडे आहे? सुधारणेला जी माहिती लागते ती हीच.

ही माहिती स्थानिक माणूसच देऊ शकतो आणि त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. फोनच्या कोपऱ्यातील काड्यांवर मात्र विश्वासू नये. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या मनाने मोजतो. बहुतेक फोनांत ‘सिम स्टेटस’च्या पानावर संकेताचे बळ उणे आकड्यात दिलेले असते. उणे ८५-९० पर्यंत असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेले की बोलणे कठीण, उणे १२० म्हणजे नावापुरते. अनेक अँड्रॉइड फोनांत *#*#४६३६#*#* हा क्रमांक दाबला असता जाळ्याची अधिक माहिती उघडते. महाराष्ट्र-गोवा परिमंडळातील निगमच्या जाळ्याचा संकेतांक ४०४-६६ आहे. तेथे दिसणाऱ्या फोर-जीच्या लांबलचक सेल क्रमांकाला २५६ ने भागले की येणारा पूर्णांक हा त्या मनोऱ्यावरील यंत्राचा क्रमांक. गावालगतचा नवा मनोरा खरोखर जागा झाला आहे, की फोन अजून दहा किलोमीटरवरच्या जुन्या मनोऱ्यालाच चिकटून आहे, हे या एका भागाकारावरून कळते. एखादा दहावीचा विद्यार्थी हे काम पाच मिनिटांत शिकेल आणि मोठ्या हौसेने करील.

तक्रार करण्याआधी दोन गोष्टी आपल्या बाजूने तपासाव्यात, म्हणजे कचेरीत खजील व्हावे लागत नाही. जुने टू-जी, थ्री-जीचे सिम फोर-जीवर चालत नाही. ते बदलून घ्यावे लागते. आणि फोन ७०० व २१०० मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांचा असावा. ७०० ची लहर लांब जाते, झाडी आणि भिंती भेदते. ज्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग अरण्याने व्यापलेला आहे, तेथे तिचे महत्त्व सांगायला नको. स्वस्त वा जुन्या फोनांत नेमकी हीच पट्टी नसते आणि दोष मनोऱ्याच्या माथी येतो.

आणखी एक उपयुक्त गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. शासनाच्या ‘डिजिटल भारत निधी’तून उभे राहिलेले मनोरे केवळ निगमचे नाहीत. आकांक्षित जिल्ह्यांतील गावांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेतून खासगी कंपन्यांनीही सार्वजनिक पैशावर मनोरे उभारले. गडचिरोली हा आकांक्षित जिल्हा आहे. पूर्वी ज्या कंपनीचा मनोरा, त्याच कंपनीच्या ग्राहकाला रेंज. सरकारी पैशाचा मनोरा डोळ्यांसमोर आणि हातातला फोन मुका, असा प्रकार चाले. १७ जानेवारी २०२५ पासून अशा मनोऱ्यांवर एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. त्यासाठी फोनमधील ‘रोमिंग’ चालू असावे लागते. ते बंद असल्यामुळे सेवा दारात येऊन परत जाणार असेल, तर दोष कोणाला द्यावा?

निरीक्षणे वहीत उतरवली पाहिजेत. तारीख, वेळ, जागा, संकेताचा आकडा, त्या वेळी गावात वीज होती की नाही आणि कॉल लागला की तुटला. ‘आमच्याकडे कधीच रेंज नसते’ या तक्रारीला कोणतीही कचेरी उत्तर देत नाही, कारण ते विधान तपासता येत नाही. ‘वीज गेल्यानंतर चौथ्या तासाला मनोरा बंद पडतो, हे महिन्यात नऊ वेळा घडले’ या तक्रारीचा अर्थ बॅटरी बदला असा होतो आणि तो टाळता येत नाही. तक्रार प्रथम सेवा देणाऱ्या कंपनीकडेच करावी लागते; तिचा नोंदणी क्रमांक अवश्य घ्यावा. समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावा, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा २०१२ पासूनचा नियम आहे. प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, म्हणून दिल्लीला पत्रे धाडण्यात शक्ती घालवू नये.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या गुणवत्ता नियमांनी ग्राहकाच्या हाती आणखी दोन साधने दिली आहेत. प्रत्येक कंपनीला आपली सेवा नेमकी कोठे उपलब्ध आहे, याचा नकाशा प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. आपल्या गावावर त्या नकाशात रंग भरलेला आहे आणि वहीतील आकडे वेगळे बोलत आहेत, असे दिसले की तक्रारीला कंपनीच्याच हस्ताक्षराचा पुरावा मिळतो. दुसरे म्हणजे एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांहून अधिक काळ मोठा खंड पडला, तर बिल भरणाऱ्या ग्राहकाला भाड्यात सूट आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला मुदतवाढ द्यावी लागते. आता ही मोजणी जिल्ह्याच्या पातळीवर आहे. गडचिरोली शहरातील जाळे सुरळीत आणि भामरागड सहा दिवस मुके, या स्थितीत या नियमाचा लाभ मिळणे अवघड. नियमाचे एकक जिल्ह्याऐवजी तालुका असावे, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. गडचिरोली आणि पुणे यांना एकाच मापाने मोजण्यात न्याय नाही.

ग्रामसभेचे स्थानही येथे विसरता कामा नये. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जो मान दिला आहे, त्याचा उपयोग केवळ विरोधाचे ठराव करण्यासाठी नाही. मनोऱ्याची जागा, केबलचा मार्ग, बिघाडाची नोंद यांविषयी ग्रामसभेने केलेला ठराव एखाद्या कार्यकर्त्याच्या निवेदनाहून कितीतरी वजनदार ठरतो. सेवाकार्याच्या निमित्ताने या भागात वर्षानुवर्षे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी निवेदनावर स्वतःची सही करण्यापेक्षा हा ठराव घडवून आणावा. गाव आपली बाजू आपल्या तोंडाने मांडायला शिकते, ते अशाच छोट्या विषयांतून.

कारण या जंगलात मनोऱ्याला एक वेगळा इतिहास आहे. ज्यांनी वनवासींच्या नावाने बंदूक उचलली, त्यांनी रस्त्यावरची यंत्रे जाळली, शाळांवर वक्रदृष्टी ठेवली आणि मोबाइल मनोरेही जाळले. गावाने बाहेर बोलू नये, यातच त्यांचे बळ होते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या माओवाद्यांच्या ज्येष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. जाळणारे हात थकले, ही मोठीच गोष्ट घडली. आता मनोरा बंद पडला तर त्याचे खापर नक्षलवाद्यांवर फोडण्याची सोय राहिलेली नाही. यापुढे तो बंद राहील तो जीर्ण बॅटरीने, तुटलेल्या केबलने, न आलेल्या कंत्राटदाराने आणि कोणीच न केलेल्या तक्रारीने.

शहरातील वाचकांचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की हे मनोरे सार्वजनिक पैशाने उभे राहिले आहेत आणि त्यांवरून मिळणाऱ्या उत्पन्नातून त्यांचे वीजबिलही कदाचित निघणार नाही. ते चालू राहतील ते निगम शहरांत टिकली तर. स्वदेशीवर व्याख्यान ऐकून घरी परतताना किती जणांच्या खिशात निगमचे कार्ड असते, हा प्रश्न अप्रिय आहे. म्हणूनच तो बहुधा विचारला जात नाही. दोन सिमांचा फोन आता जवळपास प्रत्येक घरात आहे. दुसऱ्या खणात निगमचे कार्ड घालून, आपल्या पेठेत आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर ते कसे चालते याची महिनाभर नोंद ठेवणे हे काही मोठे त्यागाचे काम नव्हे. पुण्यातील एखाद्या सोसायटीच्या जिन्यात संकेत उणे ११८ दाखवतो, ही नोंदही निगमच्या अभियंत्याला तितकीच उपयोगी आहे.

भामरागडात पाऊस साधारणतः जूनच्या मध्याला स्थिरावतो. त्याआधीच तालुक्यातील प्रत्येक मनोऱ्याची एक यादी होऊ शकते: कोणता फोर-जी झाला, कोणता टू-जीवरच आहे, बॅटरी किती तास टिकते, केबल कोणत्या नाल्यावरून जाते आणि बंद पडल्यास किल्ली कोणाकडे असते. एका शाळेची मुले, दोन शिक्षक आणि एक दुचाकी एवढ्या सामग्रीवर पंधरवड्यात ती पूर्ण होईल. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढण्याआधी तिची एक प्रत तहसीलदारांच्या टेबलावर आणि दुसरी निगमच्या जिल्हा कचेरीत असावी.